तुम्ही विचारलंत म्हणून: बागेसाठी घर कुठं घ्यावं?

रोपं न्यायला आलेली माणसं रोपं निवडण्यापेक्षा जास्त वेळ या प्रश्नावर घालवतात. बहुतेक जण पुण्या-मुंबईत फ्लॅटमध्ये जन्म काढलेले, रिटायर झालेले किंवा व्हायला आलेले. मूळ मराठवाड्यातलेच, कुणी निलंग्याकडचे, कुणी जिंतूरचे, कुणी अंबडचे. "ताई, आता इकडंच घर घ्यायचं म्हणतोय. अंगण पाहिजे, चार झाडं पाहिजेत. उन्हाचं काय, लहानपणी सोसलंच की. तुमचा धंदाच झाडांचा, तुम्हीच सांगा, कुठं घेऊ?" माझी रोपवाटिका लातूरजवळ आहे आणि प्लॉटच्या धंद्याशी माझा संबंध नाही, त्यामुळं मला कुठलंही गाव विकायचं नाही. उभ्या उभ्या सांगून होत नाही म्हणून एकदा बसून लिहिते.

तर आधी गाव ठरवू नका. आधी पाणी बघा, मग माती, मग गाव. लोक नेमकं उलटं करतात.

बघायला कधी जायचं, तेही उलटंच करतात. सगळे येतात गणपतीत नाहीतर दिवाळीच्या सुट्टीत. त्या दिवसांत मराठवाडा इतका हिरवा असतो की कंपाउंडच्या भिंतीवरसुद्धा गवत उगवलेलं असतं. आपल्याकडं वर्षाचा पाऊस सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास, पूर्वेला नांदेड-हिंगोलीकडं जास्त, पश्चिमेला आष्टी-पाटोद्याकडं आणि वैजापूर-गंगापूरकडं कमी. तो बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरात पडतो. राहिलेले आठ महिने झाडाला तुम्ही पाणी द्यायचं असतं. म्हणून प्लॉट बघायचा तर मे महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात, दुपारी तीनला जा. दाखवणारा माणूस "संध्याकाळी जाऊ की" म्हणेल. नाही म्हणा.

तिथं गेल्यावर प्लॉटकडं नंतर बघा, आधी मान वर करून शेजारच्या गच्च्या बघा. एकेका घरावर किती काळ्या टाक्या आहेत? एक असेल तर नळ बऱ्यापैकी येतो. तीन-चार ओळीनं मांडलेल्या असतील तर नळाला किती दिवसांची पाळी आहे हे कुणाला विचारायचीसुद्धा गरज नाही. मग दारात बसलेल्या एखाद्या आजींशी बोला. "प्लॉट बघलालाव का?" असं त्याच आधी विचारतील. त्यांना तुम्ही एवढंच विचारा की उन्हाळ्यात टँकर घ्यावा लागतो का आणि कोणत्या महिन्यापासून. नगरपालिकेचा कागद सांगणार नाही इतकं त्या सांगतील.

लातूरकरांना हे शिकवावं लागत नाही. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं इथं पाणी आलं, सुमारे 340 किलोमीटरवरून. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पुढं पन्नास वाघिणींची गाडी यायला लागली. त्या उन्हाळ्यात आमच्याकडं रोप विकत घेणारं जवळजवळ कुणी नव्हतं. पण शहरातले जुने कडुनिंब उभे राहिले, चिंचा उभ्या राहिल्या, सीताफळं पानं गाळून गप्प बसली आणि जूनला फुटली. गेली ती लॉनं.

आता बोअर. "प्लॉटमध्ये बोअर आहे, दोन इंची पाणी आहे," हे वाक्य ऐकून लोक इसार देऊन मोकळे होतात. आपल्या पायाखाली काळा बेसाल्ट खडक आहे. तो स्पंजासारखा पाणी धरत नाही. वरच्या झिजलेल्या मुरमाच्या थरात आणि खडकाच्या सांध्या-भेगांत जे काय थोडं साठतं तेवढंच. शेजाऱ्याच्या बोअरला भेग लागली म्हणून तुमच्या बोअरला लागेलच असं नाही, आणि आज लागली म्हणून आजूबाजूला वीस घरं झाल्यावर ती पुरेल असंही नाही. जमिनीत पाणी कुठं लागेल ते सांगणारा पाणाड्या नारळ हातावर घेऊन फिरतो, त्याच्यावर माझा विश्वास नाही. पण त्याला बोलावणाऱ्याला मी हसत नाही, कारण इथं बोअर म्हणजे लाखाचा जुगार आहे. त्यापेक्षा जवळपास जुनी विहीर, आड किंवा बारव आहे का ते बघा. आपल्याकडं बारवा पुष्कळ आहेत. परभणी जिल्ह्यात वालूरची चक्राकार पायऱ्यांची बारव तर मुद्दाम जाऊन बघावी अशी. उथळ विहिरीत मे महिन्यात पाणी दिसत असेल तर ते सहाशे फुटांच्या बोअरच्या बोलीपेक्षा कितीतरी खरं. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरीही तालुक्या-तालुक्यात आहेत, त्यांच्या पातळीच्या नोंदी जिल्ह्याच्या कार्यालयात मागता येतात. कुणी मागत नाही, ही गोष्ट वेगळी.

बोअरचं पाणी बाटलीत भरून तपासायलाही द्या. खारं किंवा फार जड पाणी असेल तर कुंडीच्या काठावर पांढरा थर धरतो आणि पानांच्या कडा जळतात. मग लोक माझ्याकडं येऊन म्हणतात, ताई, तुमचं रोपच बाद निघालं.

बागेची मापं मात्र पाण्यावरूनच ठरवा. हिशेब अगदी सोपा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. मे महिन्यात आपल्याकडं उघड्या भांड्यातून दिवसाला दहा मिलिमीटरहून जास्त पाणी उडून जातं. हजार चौरस फूट लॉन म्हणजे त्र्याण्णव चौरस मीटर. त्याला दिवसाला सात मिलिमीटर धरले तरी साडेसहाशे लिटर झाले. पाच हजार लिटरचा टँकर आठवडाभरात संपतो, आणि ते कशासाठी, तर गवतासाठी. जनावर नाही दारात आणि गवताला टँकर! तेवढ्याच पाण्यात, आळ्यात सोयाबीनची गुळी (मळणीनंतर उरलेला भुसा) नाहीतर उसाचं पाचट अंथरून, ठिबकवर पंधरा-वीस झाडं आरामात निघतात.

दुसऱ्या बाजूचा हिशेबही करा. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर सातशे मिलिमीटर पाऊस म्हणजे पासष्ट हजार लिटर. गळती, उडणं वजा जाता पन्नास हजार धरा. ते सगळं साठवायला टाकी कुणी बांधणार नाही, पण दहा-पंधरा हजारांची जमिनीखालची टाकी घर बांधतानाच होऊ शकते आणि बाकीचं बोअरभोवती मुरवता येतं. म्हणून तयार घर घेत असाल तर गच्चीचं पाणी कुठल्या पाइपानं कुठं जातं ते बघा. बहुतेक ठिकाणी ते रस्त्यावर जातं.

आता माती. हा भाग माझ्या आवडीचा आहे आणि इथंच खरी अडचण आहे, कारण घराला जी जमीन हवी ती बागेला नको असते. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर वरवरचा पाया घातला की भिंतींना तडे जातात. गवंडी म्हणूनच म्हणतो, मुरूम लागेपर्यंत खाली चला. उलट नुसत्या मुरमाच्या माळावर घर पक्कं बसतं, पण झाडाचं मूळ वीतभर खाली जाऊन अडतं. तरवड आणि खुरट्या बोरी दिसल्या की समजा माळ आहे. मला विचाराल तर सर्वांत चांगली जागा म्हणजे वर दीड-दोन फूट माती आणि खाली मऊ मुरूम. घराचा पाया लवकर लागतो, बागेत पाणी तुंबत नाही आणि मूळ हळूहळू मुरमातही उतरतं.

हे वरून दिसत नाही. नव्या लेआउटमध्ये सगळीकडं मुरमाचा भराव पसरून रोलर फिरवलेला असतो. खाली काय आहे ते खणल्याशिवाय कळत नाही. दोन मजूर लावून तीन फुटांचा खड्डा घ्या. मालक नाही म्हणाला तर तेही एक उत्तरच आहे. खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओता. दुसऱ्या दिवशीही ते तसंच असेल तर तिथं लिंबू, मोसंबी, डाळिंब टिकणार नाही. खालच्या मातीच्या ढेकळावर लिंबू पिळा. फसफसलं तर चुनखडी आहे. चुनखडीत झाडाला लोह मिळत नाही, कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. फोटो काढून लोक मला पाठवतात आणि विचारतात, कोणता रोग पडलाय? रोग नाही, जमीनच तशी आहे. दरवर्षी औषधपाणी करत बसण्यापेक्षा घ्यायच्या आधी लिंबू पिळलेलं स्वस्त. नीट तपासायचं असेल तर कृषी विज्ञान केंद्रात किंवा परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात माती द्या.

उन्हाबद्दल मी कमी बोलते, कारण ते सगळीकडं आहे. त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंश कुणालाच चुकत नाहीत, नांदेड-परभणीत त्याहून वर जातात. त्या दिवसांत टोमॅटो फूल गाळतो, फळ धरत नाही, तुम्ही कितीही पाणी घाला. पण मोगरा नेमका तेव्हाच फुलतो. एप्रिल-मे हे मोगऱ्याचे, बोगनवेलीचे आणि आंब्याचे महिने आहेत. भाजीचे वाफे जून ते फेब्रुवारीत पिकवायचे. लोक थंडी मात्र विसरतात. परभणीत हिवाळ्यात पारा पाच अंशांच्या खाली गेलेला आहे. त्यामुळं कोकणात बघून आलेली सुपारी, काजू, फणस यांची यादी घेऊन येऊ नका. हापूसचा हट्टही सोडा. केसर लावा, तो इथं मनापासून येतो.

दिशेचं एकच बघा: पश्चिमेला मोकळी जागा सुटते का. दुपारनंतरचं ऊन तिकडून भिंत तापवतं आणि ती भिंत रात्री अकरापर्यंत घरात उष्णता सोडत राहते. तिथं आठ-दहा फूट पट्टा मिळाला तर झाडांची सावली घराला मिळते. तीस बाय चाळीसच्या प्लॉटवर हे जमत नाही. घर, जिना, गाडी, बोअर झाल्यावर उरतं ते बोळकांड. बाग हवी असेल तर निदान दोन गुंठे बघा, म्हणजे बावीसशे चौरस फुटांच्या आसपास, आणि त्यात घर लहान बांधा. हे मी सांगते तेव्हा नवरे मान डोलावतात आणि बायका विचारतात, मग मुलं-नातवंडं आली की झोपायची कुठं?

आता गावं. माझी मतं आहेत, कुणाला राग आला तर येऊ द्या. खुलताबाद-दौलताबादचा पट्टा मला फार आवडतो. डोंगराची हवा, पेरू-अंजिराची जुनी ओळख. पण भाव ऐकून पाणी प्यावं लागतं. छत्रपती संभाजीनगरला बागांचा इतिहास मोठा आहे, पण तोही पाण्यावरच उभा आहे. निजामशाहीतल्या मलिक अंबरनं 1610 मध्ये खडकी, म्हणजे आजचं हेच शहर, वसवलं आणि नहर-ए-अंबरीनं डोंगराकडचं पाणी जमिनीखालून शहरात आणलं. हिमायत बाग वगैरे पुढचं. नांदेड-हिंगोलीकडं पाऊस बरा, जमीन भारी. अर्धापूरची केळी आणि वसमतची हळद उगीच नावाजलेली नाही. तिथं उन्हाबरोबर पुराचंही बघा. 2025 च्या सप्टेंबरात मराठवाड्यात गोदावरी, मांजरा, सीना यांनी काठची माती खरवडून नेली. नदीकाठचा स्वस्त प्लॉट दिसला तर पूररेषेचा नकाशा मागा. आंबाजोगाई, धाराशिव, तुळजापूर हा बालाघाटाचा उंचवटा: रात्री जरा गार, सीताफळ न लावता उगवेल अशी जमीन, पण माती पातळ आणि पाणी बेताचं. ज्याला थोडक्यात भागवायची सवय आहे त्यानं तिथं जावं. आष्टी-पाटोद्याकडं फक्त बागेसाठी घर घेऊ नका.

पण माझं खरं उत्तर कुठल्याच लेआउटमध्ये नाही. तालुक्याच्या गावाच्या जुन्या भागात, नळाच्या जुन्या लाइनवर, परसात आड आणि वाढलेला कडुनिंब असलेलं घर मिळालं तर ते घ्या. आड उपसून गाळ काढता येतो, फरशी बदलता येते, न्हाणीचं पाणी केळी-अळूकडं वळवता येतं. तीस वर्षांचा कडुनिंब माझ्याकडं विकायला नसतो. भिंती मात्र इंजिनिअरला दाखवा. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारीच्या भूकंपात माणसं गेली ती दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवद, म्हणजे लाकडावरचं मातीचं जड छत, अंगावर येऊन. माळवद कितीही गार वाटलं तरी त्याखाली झोपण्याआधी ते उतरवून घ्या किंवा आधार देऊन घ्या.

कागदपत्रं वकिलाकडून बघून घ्याच, फक्त एक माहीत असू द्या: हा निजामाचा मुलूख होता, मदतमाश (निर्वाहासाठी दिलेल्या) आणि खिदमतमाश (सेवेबद्दल दिलेल्या) इनामाच्या जमिनी शहरांच्या आजूबाजूला पुष्कळ आहेत. सातबारावर भोगवटादार वर्ग 2 (सरकारच्या परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन) दिसलं किंवा "गुंठेवारी आहे, होऊन जाईल" असं, म्हणजे मंजुरीशिवाय गुंठ्या-गुंठ्यानं तुकडे पाडून विकलेल्या जमिनीबद्दल, कुणी म्हणालं, तर झाडं लावायची घाई करू नका.

आणि घर झाल्यावर रोपं न्यायला जूनमध्ये या, मृगाचे एक-दोन पाऊस होऊन जमीन ओली झाली की. पहिल्या वर्षी पश्चिमेला शेवग्याची फांदी लावा, पुढच्या उन्हाळ्यात ती घराच्या वर गेलेली असेल; तिच्या आडोशाला कडुनिंब वाढू द्या. आळ्यांसाठी गुळी आमच्याकडं मिळते, पण गावात कुणाच्या शेतात सोयाबीनची रास झाली असेल तर तिथंच मागा, चहाच्या बोलीवर ट्रॉली भरून देतील.