माशांच्या धमन्या पाठ होईनात, शेवटी कल्ले मोजले

एमएस्सी झूलॉजीला कम्पॅरेटिव्ह ॲनाटॉमी आली की एऑर्टिक आर्चेस (हृदयाकडून आलेलं रक्त कल्ल्यांतून पाठीकडे नेणाऱ्या कमानीसारख्या धमन्या) काही चुकत नाहीत. नोट्समध्ये नुसते आकडे, एम्ब्रियोत (भ्रूणात) 6 जोड्या, शार्कला 5 अफरंट (कल्ल्याकडे रक्त नेणाऱ्या), रोहूला 4, लंगफिशचं (फुफ्फुसवाला मासा) तिसरंच काहीतरी. वाचताना कळतं, वही मिटली की गायब. कॉलेजात डिसेक्शन आता होत नाही, चार्टवरच भागवायचं. घरी मासे शिजतातच, म्हटलं पातेल्यात जायच्या आधी बघून घेऊ.

रोहू नाशकात कधीही मिळतो, मुशीसाठी (छोटा शार्क) मुंबईचा माल यायची वाट बघावी लागते. मावशींना म्हटलं साफ करू नका, कल्ले तसेच राहू द्या, तर म्हणे "मग खाणार काय दादा, डोकं?"

मुशीला बाहेरून 5 फटी दिसतात. पहिल्या फटीच्या पुढच्या भिंतीवर, म्हणजे हायॉइड आर्चवर (जबड्यामागची कमान; कल्ले अशा कमानींवरच बसतात), अर्धाच कल्ला असतो, त्याला एक अफरंट, पुढच्या 4 आर्चना एकेक, झाल्या 5. शेवटच्या आर्चवर कल्लाच नाही मग धमनी जाईल कशाला! रोहूचं झाकण उचललं तर 4 लालभडक कल्ले, हायॉइडवाला गेलेला, म्हणून 4. आणि कल्ल्यांच्या पाचव्या आर्चवर चक्क दात, घशात बोट घातलं की लागतात. एवढं बघितल्यावर पाठ करायला काही उरतच नाही.

हृदय मात्र नीट बघा. रोहूच्या काळपट व्हेंट्रिकलपुढे (रक्त ढकलणारा कप्पा) लसणाच्या पाकळीसारखा पांढरा फुगा, बल्बस असतो, तो स्वतः आकुंचन पावत नाही, नुसता फुगतो आणि कल्ल्यांवरचा दाब सांभाळतो. मुशीत त्या जागी कोनस, हृदयाच्याच स्नायूचा, उभा कापला की आत व्हॉल्व्हच्या रांगा दिसतात.

लंगफिश बाजारात कुठला मिळायला, तो चार्टवरच केला, पण हिशोब तोच लागला. प्रोटॉप्टेरस या आफ्रिकन लंगफिशच्या तिसऱ्या-चौथ्या आर्चवर (आकडे एम्ब्रियोतल्या 6 जोड्यांचे) कल्ले नाहीत, त्यामुळे तिथून रक्त सरळ पुढे जातं, आणि फुफ्फुसाची धमनी सहाव्यातून निघते.

शिरांना हा हिशोब लागू होत नाही. मुशीला पोटाच्या दोन्ही बाजूंनी लॅटरल ॲब्डॉमिनल व्हेन (पोटाच्या भिंतीतली शीर), रोहूला नाही, पूर्ण वाढलेल्या लॅम्प्रेला (जबडा नसलेला मासा) क्युव्हियरची नळी (शिरांचं रक्त हृदयात आणणारी) फक्त उजवीकडे. हे सगळं सरळ घोकलं.