दोन विजा शेजारी शेजारी

"एवढा इतिहास कोणाला आठवतोय रे?" आज लोगो दाखवताना मित्र म्हणाला. काळ्या पट्टीवर शेजारी शेजारी दोन टोकदार पांढऱ्या विजा, फिटनेसच्या ब्रँडसाठी. दिसायला भारीच, पण सरळ हिटलरच्या एसएसचं, म्हणजे नाझींच्या निमलष्करी दलाचं चिन्ह! फोटो काढून दाखवला तर म्हणे योगायोग आहे. असेल ना, पण बघणाऱ्याला ते कोण सांगत बसणार?

मग दिवसभर तेच डोक्यात. अंब्रो या खेळसाहित्याच्या कंपनीने बुटाच्या एका मॉडेलला झायक्लॉन नाव दिलं होतं, जर्मनमध्ये अर्थ साधा, चक्रीवादळ. पण ऑशविट्झ या नाझी छळछावणीच्या गॅस चेंबरमध्ये वापरलेलं विषही झायक्लॉन बी. २००२ मध्ये बोंब झाली आणि नाव काढावं लागलं. सीमेन्सचं तर कौतुकच, घरगुती उपकरणांसाठी अमेरिकेत हेच नाव रजिस्टर करायला निघाले होते, तेही दुसऱ्या महायुद्धात छळछावण्यांतल्या कैद्यांना राबवलेली कंपनी असून. शेवटी त्याच वर्षी अर्ज मागे घेतला.

२०१४ मध्ये झाराने लहान मुलांचा आडव्या पट्ट्यांचा शर्ट काढला, छातीवर सहा टोकांचा पिवळा तारा. म्हणे वेस्टर्न सिनेमातला शेरीफचा बिल्ला. ताऱ्यावर तसं लिहिलेलंही होतं, पण इतकं पुसट की जवळ जाऊन बघावं लागे. लांबून दिसायचा तो नाझी छळछावणीतल्या ज्यू कैद्याचा, पट्ट्यांचा आणि पिवळ्या ताऱ्याचा कपडाच.

एवढ्या मोठ्या कंपन्या, डिझायनर, मॅनेजर, वकील, इतक्या हातांतून जाऊन एकालाही खटकलं नाही? की खटकलं आणि मीटिंगमध्ये बोलायची हिंमत झाली नाही?