सोडून जाणारीचं गाणं

कित्येक वर्षं मी 'आय विल ऑलवेज लव्ह यू' चुकीच्या बाजूने ऐकत होते. व्हिटनी ह्यूस्टनचं, १९९२चं. पहिल्यांदा ऐकलं ते त्याच्यासोबत, एका फोनला दोन हेडफोन लावायची बोटभर वायर असते ना, त्यावर. सुरुवातीला वाद्यंच नाहीत, नुसता आवाज. मला वाटलं पिन ढिली झालीय, म्हणून मी ती दोनदा काढून घातली. तो हसत होता. शेवटाकडे एक क्षण सगळं थांबतं, ड्रमचा एकच ठोका पडतो आणि आवाज वरच्या पट्टीत जातो. तो ठोका त्याने माझ्या गुडघ्यावर दिला होता, किंचित आधीच.

एवढी कळवळून गाते म्हणजे हिला कुणीतरी टाकून गेलंय, हे मी गृहीतच धरलं. खूप उशिरा शब्द नीट वाचले. जाणारी तीच आहे! मी थांबले तर तुझ्या वाटेत येईन, म्हणून निघते, असं ती पहिल्याच कडव्यात सांगते. (लग्नात हे गाणं लावणाऱ्यांचं मला कौतुक वाटतं.)

मूळ गाणं डॉली पार्टन या अमेरिकन गायिकेचं. १९७३ साली तिने ते लिहिलं, तेही प्रियकरासाठी नाही. पोर्टर वॅगनरच्या टीव्ही कार्यक्रमात ती १९६७पासून गात होती. त्याने तिला पुढे आणलं, आता तिला स्वतःची वाट धरायची होती आणि तो सोडायला तयार नव्हता. भांडून काही होईना, तेव्हा तिने हे लिहिलं आणि त्याच्यासमोर बसून गायलं. तो रडला, असं ती सांगते.

आमचं चार वर्षांचं नातं मी मोडलं. विरहाची बहुतेक गाणी मागे राहिलेल्याची असतात, सोडून जाणारा त्यात दगड तरी असतो नाहीतर दगाबाज. मी कुठलं ऐकायचं? त्या संध्याकाळी मी कारणं घेऊनच बसले होते. तेव्हा तू असं बोललास, मग तसं केलंस. सगळं क्रमवार. पार्टनच्या गाण्यात तक्रार एकही नाही. मी ते दोनदा वाचून खात्री केली, कारण माझा विश्वास बसेना.

तिच्या १९७४च्या रेकॉर्डमध्ये शेवटचं कडवं ती गात नाही, बोलते. तुला आनंद मिळो, आणि त्याहूनही जास्त, प्रेम मिळो. व्हिटनीचा तो ठोका भारीच आहे, पण मला हल्ली हे बोलणं जास्त लागतं.

निघताना दारातून मीही म्हणाले होते, "सुखात राहा."

तो हेडफोनची वायर गुंडाळत होता. मान वर न करता म्हणाला, "एवढं सगळं ऐकवल्यावर?"