खिडकीमागची पाच माणसं

सोमवार

रुग्णालयाच्या फार्मसीची एक खिडकी चोवीस तास उघडी ठेवायची तर आठवड्याचे 168 तास भरतात. माणशी 40 तास धरले की 4.2 माणसं. भागाकार बहुतेक ठिकाणी इथेच थांबतो आणि घोळ इथूनच सुरू होतो. रजा, आजारपण, बाळंतपण, प्रशिक्षण यांत वर्षाचा सहावा हिस्सा सहज जातो, म्हणजे खरी गरज पाच माणसांची. चार नेमून ‘पदं भरली’ म्हटलं, तर पाचवं माणूस उरलेल्या चौघांच्या डबल ड्युटीतून निघतं.

आणखी एक हिशोब डोक्यातून जात नाही. औषधांच्या चिठ्ठ्या कधी लोंढ्याने येतात, कधी येतच नाहीत. अशा ठिकाणी चिठ्ठ्या तपासणारा एकच असेल, तर रांगेच्या साध्या सूत्राप्रमाणे तो 80 टक्के वेळ गुंतलेला असताना हातातली धरून सरासरी 4 चिठ्ठ्या अडकलेल्या असतात. 90 टक्क्यांना 9 आणि 95 टक्क्यांना 19. काम जरासंच वाढतं, रांग मात्र दुपटीने. म्हणून ‘एकच तर माणूस कमी आहे’ हे वाक्य ऐकलं की चीड येते.

मंगळवार

माणूस कमी असताना काय सोडायचं, हे गर्दीत ठरवायचं नसतं. ऐन वेळी जो जास्त ओरडतो त्याचं काम आधी होतं, आणि सहसा ओरडणारा सर्वात निकडीचा नसतो. यादी आधीच करून, वरिष्ठांची सही घेऊन, प्रत्येक वॉर्डच्या सिस्टरकडे दिलेली असावी. सही नसेल तर शिव्या काउंटरवरच्या माणसालाच बसतात.

सोडता येतं ते असं: वॉर्डच्या कपाटांची पूर्ण मोजणी, महिन्याचे अहवाल, परत आलेल्या औषधांची नोंद (वेगळ्या पेटीत बंद करून उद्यावर), तातडीची नसलेली वॉर्डची मागणी दिवसातून दोनदाच. सोडता येत नाही ते: नार्कोटिकच्या (मॉर्फिनसारख्या नशा आणणाऱ्या औषधांच्या) साठ्याची पाळी बदलतानाची मोजणी, केमोथेरपीची तपासणी, लहान मुलांचे डोस, किडनी बिघडलेल्या रुग्णांची अँटिबायोटिक्स, आणि रक्त पातळ करणारी औषधं घेऊन घरी जाणाऱ्याशी बोलणं.

तुटवड्यात सुचणारे शॉर्टकट याहून धोक्याचे. ‘फेऱ्या वाचतील, पोटॅशियम क्लोराईडचे अँप्यूल वॉर्डातच ठेवू’ हा त्यातला एक. ते पातळ न करता शिरेत गेलं तर हृदय थांबतं. दुसरा म्हणजे, घाई आहे म्हणून व्हिनक्रिस्टीन (कर्करोगाचं, फक्त शिरेत द्यायचं औषध) सिरिंजमध्ये भरून देणं. चुकून पाठीच्या कण्यात टोचलं गेलं तर जीव जातो. म्हणून ते छोट्या सलाईनच्या पिशवीतच द्यायचं, कितीही माणसं कमी असोत.

गुरुवार

दुहेरी तपासणीबद्दल माझं मत थोडं उलटं आहे: ती कमी करा. प्रत्येक पाकिटावर दोन सह्या मागितल्या की दुसरी सही डोळे मिटून होते. इन्शुलिन आणि हेपॅरिनचं (रक्त पातळ करणाऱ्या औषधाचं) इन्फ्यूजन, म्हणजे शिरेतून हळूहळू सोडणं, केमो, ओपिऑइडचा (मॉर्फिनसारख्या वेदनाशामकाचा) पंप, मुलांचे डोस, एवढ्यांनाच ठेवा. पण मग ती खरी असू द्या. दुसऱ्याने पहिल्याचं उत्तर न पाहता वजनावरून डोस स्वतः काढायचा आणि मग दोन्ही आकडे जुळवायचे. ‘हे बघ, बरोबर आहे ना?’ असं विचारलं की समोरचा ‘हो’ म्हणतोच.

फोनचंही तसंच. दोन-दोन तास आळीपाळीने एक माणूस फोनवर आणि खिडकीवर, तपासणाऱ्याला कुणी हाक मारायची नाही. मध्येच उठावं लागलंच तर ती चिठ्ठी पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायची. सोडलेल्या जागेपासून धरली की नेमकी एक ओळ निसटते.

डिस्चार्जच्या चिठ्ठ्या दुपारी एकदम कोसळतात. आदल्या संध्याकाळी लिहिल्या तर गर्दी बरीच पसरते. हे काम डॉक्टरांचं आहे, त्यामुळे फार्मसीने एकटीने कितीही मान मोडून काम केलं तरी सुटत नाही.

रविवार, रात्री

जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये बर्नआउटची व्याख्या केली, तेव्हा त्याला आजार म्हटलं नाही. कामाच्या ठिकाणच्या, न सावरलेल्या दीर्घ ताणाचा परिणाम म्हटलं. लक्षणं तीन: शीण, कामावरून मन उडणं, आणि आपल्या करण्याने काही होत नाही असं वाटणं. शीण सगळ्यांना दिसतो. फार्मसीत घात करतं ते दुसरं लक्षण, मन उडणं. शंकास्पद डोस दिसला की डॉक्टरांना फोन करणारा माणूस ‘लिहिलंय ना त्यांनी, देऊन टाक’ म्हणू लागतो. थोडक्यात टळलेल्या चुकांची वही कोरी राहू लागते आणि वरच्यांना ती कोरी वही चांगली बातमी वाटते.

अशा वेळी योगवर्गाची नोटीस लावण्यापेक्षा मागच्या सहा आठवड्यांची ड्युटी-लिस्ट काढून जादा पाळ्या कुणी केल्या ते मोजावं. बहुतेकदा दोनच नावं येतात, कधीच ‘नाही’ न म्हणणारी. बोलावण्याचा क्रम लिहून ठेवावा, नकाराला कारण विचारू नये. पाळ्या सकाळ, संध्याकाळ, रात्र याच दिशेने फिराव्यात, दोन पाळ्यांत 11 तास मोकळे असावेत, सलग तीनपेक्षा जास्त रात्री नकोत. आणि जादा पाळीची बदली सुट्टी चौदा दिवसांच्या आत, तारीख त्याच वेळी लिस्टवर लिहून. पेन्सिलीने नको, पेनाने.