पगारपत्रकातले दोनशे रुपये

१९७२ च्या दुष्काळाला पन्नास वर्षं होत होती आणि रविवार पुरवणीचा मुख्य लेख माझ्याकडे आला होता. तयारी भरपूर झाली होती. सांगोला तालुक्यात जाऊन आले होते, जुने अंक चाळले होते, आकडे तपासले होते. गुरुवारी सकाळी लेख संपादकांकडे गेला. दुपारी त्यांनी केबिनमध्ये बोलावलं. समोरच्या प्रिंटआउटवर पेनाची एकही खूण नव्हती. आमच्या सरांचा हा स्वभाव सगळ्या डेस्कला माहीत आहे: लेख आवडला असेल तर ते त्यावर भरपूर खुणा करतात.

"माहिती चोख आहे," ते म्हणाले. "रेशनवरची मिलो ज्वारी आहे, कामावर खायला मिळणारी सुकडी आहे, खडी फोडणं आहे. पण हे लोकांनी आजी-आजोबांकडून ऐकलेलं आहे गं. पुण्यात मगरपट्ट्याला आयटीत नोकरी करणाऱ्या माणसानं हे आज का वाचायचं? पन्नास वर्षं झाली म्हणून?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. "उद्या संध्याकाळी पान छपाईला सोडायचंय, तोवर बघ," म्हणाले, आणि पुढचा फोन घेतला.

जागेवर येऊन लेख पुन्हा वाचला. त्यात सांगोल्याची ती आजी होती. उजव्या हातानं डाव्या अंगठ्याचं वाकडं नख दाखवत ती म्हणाली होती, "ही खडीची खूण. दगड हातानं धरायचा आन् वरनं हातोडा. नजर हलली की बोट गेलं." मिलोची भाकरी थापताना कशी चिरायची, ते तिनं हवेत हात फिरवून दाखवलं होतं. मे १९७३ मध्ये राज्यभरात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती, हाही आकडा लेखात होता. वाचताना मी त्याच आकड्यावर थांबले. पन्नास लाख माणसांची मजुरी! दुष्काळ हटल्यावर तीच कल्पना रोजगार हमी योजना म्हणून कायमची झाली. मग वर्षानुवर्षं या मजुरीचा पैसा दिला कोणी? लेखात यावर एक अक्षर नव्हतं.

मी टिपणं ऑब्सिडियन नावाच्या ॲपमध्ये ठेवते. आत सगळ्या साध्या टेक्स्ट फाइली असतात, त्यामुळे उद्या ॲप बंद पडलं तरी टिपणं कुठल्याही संगणकावर उघडतील. दोन चौकोनी कंस टाकून आत दुसऱ्या टिपणाचं नाव लिहिलं की लिंक तयार होते, आणि त्या दुसऱ्या टिपणाच्या खाली आपोआप दिसतं की त्याच्याकडे कोणकोणती टिपणं बोट दाखवतायत. याला बॅकलिंक म्हणतात. आणखी एक सोय आहे, तिचं मोल मला त्या दुपारी कळलं. अजून अस्तित्वातच नसलेल्या टिपणालाही लिंक देता येते. नाव लिहून ठेवायचं. टिपण पुढं कधीतरी होईल.

मी दुष्काळाच्या टिपणात कंस उघडले आणि 'रोजगार हमीचा पै' एवढं टाइप केलं. खालच्या यादीत नाव पूर्ण होऊन आलं: 'रोजगार हमीचा पैसा कुठून आला'. हे टिपण मी कधी लिहिलेलंच नव्हतं. म्हणजे हाच प्रश्न पूर्वी कधीतरी मीच, याच शब्दांत, कुठंतरी टाकून ठेवला होता. टिपण उघडलं. वर कोरं पान, खाली एकच बॅकलिंक.

ती होती एका मार्च महिन्यातली. तेव्हा 'पगारपत्रक कसं वाचावं' असं एक साधं माहितीपर पान मी केलं होतं. मूळ वेतन, महागाई भत्ता, भविष्य निर्वाह निधी असे मथळे समजावून सांगायचे, बस. ते करताना फेब्रुवारीच्या पगारातून दोनशेऐवजी तीनशे का कापतात हे मला खटकलं होतं. पानावर त्याला जागा नव्हती, म्हणून टिपण करून ठेवलं होतं. ते जसंच्या तसं इथं देते:

"व्यवसाय कर दरमहा २०० रुपये, फेब्रुवारीत ३००. वर्षाचे २५००. याहून जास्त घेता येत नाही, कारण राज्यघटनेचं कलम २७६. आधी मर्यादा २५० होती, १९८८ च्या साठाव्या घटनादुरुस्तीनं २५०० झाली. महाराष्ट्रात हा कर १९७५ च्या कायद्यानं आला, रोजगार हमी योजनेला पैसा हवा म्हणून. म्हणजे शहरातला पगारदार गावातल्या मजुरीचा वाटेकरी आहे आणि त्याला ते ठाऊक नाही. पाहा: रोजगार हमीचा पैसा कुठून आला. इथं देणाऱ्याची बाजू आहे, तिथं घेणाऱ्याची लिहायला हवी."

शेवटची दोन वाक्यं मी पुन्हा पुन्हा वाचली. सरांच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याच हातचं, माझ्याच शब्दांत समोर होतं. मगरपट्ट्यातल्या माणसानं हा लेख वाचायचा, कारण दर महिन्याला त्याच्या पगारातून या गोष्टीसाठी सुरू झालेला कर कापला जातो.

त्या टिपणात 'दुष्काळ' हा शब्द नव्हता. १९७२ नव्हतं, सांगोला नव्हतं. लेखाची तयारी करताना मी माझ्या टिपणांत दुष्काळ, मिलो, सुकडी, खडी, पाझर तलाव असे सगळे शब्द शोधून झाले होते. शोधपेटीतून ते कधीच हाती लागलं नसतं. ते 'कर आणि पगार' या फोल्डरमध्ये होतं, आणि त्या फोल्डरमध्ये मी दुष्काळासाठी कशाला जाईन?

मग एकातून एक निघत गेलं. कोऱ्या पानावर मी घेणाऱ्याची बाजू लिहायला घेतली आणि प्रत्येक ओळीला जुनं काही ना काही जोडलं गेलं. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६९ साली तासगाव तालुक्यातल्या विसापूरला 'मागेल त्याला काम' हा प्रयोग केला होता. ते टिपण सांगली जिल्ह्यावरच्या एका जुन्या लेखाचं होतं. पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्थेत वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये देशातल्या दारिद्र्याचा अभ्यास मांडला. जमीन सगळ्यांना पुरणार नाही, तेव्हा गरिबाला सार्वजनिक कामांवर हक्काचा रोजगार द्या आणि त्याचा भार वरच्या थरानं उचलावा, हा त्यातला विचार. ते टिपण संस्थेवरच्या लेखाच्या वेळचं. तिसरं कायद्याचं. रोजगार हमीचा अधिनियम १९७७ चा, अमलात आला २६ जानेवारी १९७९ ला. त्यात रोजगार हमी निधी आहे, आणि व्यवसाय करासारख्या ठरावीक करांतून जेवढं जमेल तेवढीच रक्कम राज्य सरकारनं आपल्याकडून टाकायची आहे. काम मागणं हा हक्क झाला तो इथं. देशाचा कायदा यायला २००५ साल उजाडलं.

विसापूर, गोखले संस्था, कायदा, पगारपत्रक. वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या कामांसाठी केलेली ही टिपणं वेगवेगळ्या फोल्डरांत होती. ती एका ओळीत लागली तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं की १९७२ हा आपल्याकडे फक्त हालाचा काळ नव्हता. शहर गावाचं काही देणं लागतं, हे कायद्यानं मान्य करण्याकडे तिथून वाट गेली. लेखात सांगायचं होतं ते हे. मी तोवर फक्त हाल सांगत होते.

टिपणाला पुरावा समजायचं नाही, हे आमच्या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात. म्हणून संध्याकाळी सगळं मूळ कागदांवरून तपासलं. प्रत्येक टिपणाच्या तळाशी कायद्याचं नाव, साल, कलम लिहिलेलं होतं, त्यामुळे हे काम झटपट झालं. वेळ गेला तो लिहिण्यात. रात्री घरी बसून लेखाची सुरुवात बदलली: "तुमच्या पगारपत्रकात 'व्यवसाय कर' अशी एक ओळ असते." तिथून वाचकाला विसापूर, मग मुंबईचं विधिमंडळ, आणि शेवटी सांगोल्याच्या आजीपर्यंत न्यायचं. आजीचा अंगठा आधी पहिल्या परिच्छेदात होता, आता तो शेवटच्या भागात आला. तिथं पोचेपर्यंत त्या अंगठ्याशी आपला काय संबंध आहे हे वाचकाला कळलेलं असणार होतं.

शुक्रवारी सरांनी प्रिंटआउट परत दिला तेव्हा समास हिरव्या शाईनं भरलेला होता. आकड्यांचा एक अख्खा परिच्छेद त्यांनी उडवला. बरोबर उडवला.

पान सोडल्यावर आमच्याकडचा नवा उपसंपादक खुर्ची ओढून शेजारी येऊन बसला. "ताई, मला ते टिपणांचं दाखवा ना," म्हणाला. त्याची सगळी टिपणं व्हॉट्सॲपवर, स्वतःलाच पाठवलेल्या मेसेजमध्ये. आमच्या निम्म्या डेस्कचा तोच प्रकार आहे. मी त्याला ते व्यवसाय कराचं टिपण उघडून दाखवलं.

"पण मग टॅग लावले असते तरी चाललं असतं ना? 'रोजगार हमी' असा टॅग."

"टॅग लावला असता तर या दोन गोष्टी एका विषयाच्या आहेत एवढंच कळलं असतं," मी म्हटलं. "त्यांचं आपसात काय नातं आहे ते टॅग सांगत नाही. 'इथं देणाऱ्याची बाजू, तिथं घेणाऱ्याची' या एका वाक्यावर सगळा लेख उभा राहिला. लिंक देताना ते वाक्य लिहावंच लागतं. ते सुचत नसेल तर लिंक द्यायची नाही."

यावर आम्ही बराच वेळ बोललो. त्यानं निक्लास लुहमान यांचं नाव ऐकलं होतं. बीलेफेल्ड विद्यापीठातले हे जर्मन समाजशास्त्रज्ञ १९९८ साली वारले तेव्हा त्यांच्या लाकडी खणांमध्ये सुमारे ९०,००० चिठ्ठ्या होत्या. त्या विषयवार लावलेल्या नव्हत्या. प्रत्येक चिठ्ठीला क्रमांक, आणि एखाद्या चिठ्ठीला फाटा फुटला की तिच्याच क्रमांकापुढे अक्षर जोडून मध्ये नवी चिठ्ठी. एका चिठ्ठीवर दुसरीचा क्रमांक लिहिला की झाली लिंक. संगणक नाही, काही नाही. त्या खणांशी आपला संवाद चालतो असं ते मानत, आणि गुरुवारच्या दुपारनंतर मला त्यात अतिशयोक्ती वाटत नाही. आपण विसरलेलं वाक्य आपल्याला उत्तर देतं, तेव्हा दुसरं कोणी बोलल्यासारखंच वाटतं.

"आपल्याकडे डेक्कन कॉलेजात याहून कितीतरी जास्त चिठ्ठ्या आहेत," तो म्हणाला. खरं आहे. संस्कृत कोशासाठी १९४८ पासून जमवलेल्या सुमारे एक कोटी चिठ्ठ्या तिथं आहेत, आणि मला त्या कामाबद्दल अपार आदर आहे. पण तिथं चिठ्ठ्या शब्दांच्या क्रमानं लावतात, कारण कोशकाराला आपण काय शोधतोय हे आधीच माहीत असतं. एक शब्द, त्याचे सगळे प्रयोग. लेखकाला ते माहीत नसतं. मला गुरुवारी दुपारी दोन वाजता माहीत नव्हतं की मी एक कर शोधतेय.

त्याला मी दोनच गोष्टी करायला सांगितल्या. मजकूर उचलून चिकटवायचा नाही, आपल्या वाक्यात लिहायचं; उचललेला परिच्छेद वर्षानं परका वाटतो, आपलं वाक्य परकं वाटत नाही. आणि टिपणाला नाव द्यायचं ते पूर्ण म्हणण्याचं किंवा प्रश्नाचं. 'रोजगार हमी' असं नाव दिलं असतं तर त्या नावाखाली वाट्टेल ते साठलं असतं आणि हाती काही लागलं नसतं. 'रोजगार हमीचा पैसा कुठून आला' हा प्रश्न होता, म्हणून तो पुन्हा पडला तेव्हा ओळखू आला. टिपणांचं जाळं दाखवणारा तो रंगीत ठिपक्यांचा नकाशा त्याला फार आवडला. बघायला छानच दिसतो, पण मला त्यातून एकही लेख मिळालेला नाही, आणि तेही मी त्याला सांगितलं.

लेख छापून आला. 'रोजगार हमीचा पैसा कुठून आला' हे टिपण आता कोरं नाही. एप्रिल २०२३ पासून महिना २५,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या महिलांना राज्यात व्यवसाय करातून सूट मिळाली, ती ओळ त्यात घातली. घालताना खाली सांगोल्याच्या आजीचं टिपण दिसलं. लेखात जागेअभावी राहून गेलेलं तिचं एक वाक्य त्यात होतं: "खडीवर गेले तवा पयल्यांदा माझ्या हातात माझा पैसा आला." रोजगार हमीत बाईला आणि पुरुषाला मजुरीचा दर एकच होता. मी दोन्ही टिपणं जोडली आणि मध्ये लिहिलं: 'इथं बाईच्या पगारात पैसा राहतो, तिथं बाईच्या हातात पहिल्यांदा येतो.' पुढच्या मार्चच्या पुरवणीसाठी मी सरांपुढे विषय मांडला तो याच वाक्यावरून. "लिही," म्हणाले, "पण यावेळी त्या आजीपासूनच सुरुवात कर."