संत्र्याचं चित्र असलेली बाटली

मी मिरजेत लहान मुलांच्या एका हॉस्पिटलात डाएटिशियन आहे. आमच्याकडं रोजचं म्हणजे अंगाला न लागणारी पोरं नाहीतर अतीच लागलेली पोरं, त्यामुळं ओपीडीतनं सरांचा फोन आला की "एका पोराचं खाणं काढायचंय, नीट काढ", तेव्हा काही विशेष वाटलं नाही.

पोरगं पाच वर्षांचं, तासगाव साइडचं. महिनाभर चालणं बंद. आईच्या मांडीवर पाय बेडकासारखे फाकवून पडलेलं आणि कुणी पायाला हात लावला की किंचाळायचं. आधी कुणी वात म्हटलेलं, कुणी ब्लड कॅन्सरची शंका काढलेली, बिचारे फाइल घेऊन फिरत होते. सरांनी पोराचा ओठ वर करून दाखवला तर हिरड्या जांभळ्या, सुजून दातांवर चढलेल्या, बोट लागलं की रक्त. गुडघ्याच्या एक्सरेत हाडाच्या टोकाला पांढरी रेघ. सर म्हणाले, स्कर्व्ही वाटतोय, म्हणजे व्हिटॅमिन सी कमी पडून होणारा रोग. मी हा रोग फक्त पुस्तकात वाचलेला, जहाजावरच्या खलाशांचा, तो द्राक्षाच्या पट्ट्यात कुठनं उगवला?

आईला विचारलं काय खातो, तर "सगळं खातो की मॅडम". हे उत्तर मी कधीच धरत नाही, सकाळपासनं एकेक विचारत गेले. उठल्यावर दूध-बिस्किट, दुपारी दूधभात, संध्याकाळी परत बिस्किट आणि मूठभर बेदाणा, रात्री दूधचपाती. भाजीचा कण जरी लागला तरी ओकारी काढतो. आणि फळ? "फळ तोंडात धरत न्हाई ओ, म्हणून तर रोज ज्यूस देतोय," म्हणत तिनं पिशवीतनं बाटलीच काढली. वर कापलेलं संत्रं, त्यावर पाण्याचे थेंब, बघून मलाच तहान लागली.

बाटली फिरवून मागचं बारीक अक्षर वाचलं. पहिलं पाणी, मग साखर, मग संत्र्याचा रस. फ्रूट ड्रिंक म्हणायला नियमानं 10 टक्के रस असला तरी चालतं, पण चित्र मात्र अख्ख्या संत्र्याचं. पुढं आयएनएस, म्हणजे खाण्यात घातलेल्या पदार्थांचे कोड नंबर: 330 म्हणजे सायट्रिक अॅसिड आणि 110 म्हणजे केशरी रंग. आंबट लागतं ते त्या 330 मुळं, आणि आपल्याकडं आंबट म्हणजे व्हिटॅमिन सी हा समज इतका पक्का आहे की विचारू नका. सी वेगळं घातलं असेल तर 300 नंबर दिसतो, काही ड्रिंकमधे असतो पण, ह्यात नव्हता. साखर मात्र 100 मिलीला 13 ग्रॅम. ताज्या संत्र्यात 100 ग्रॅमला साधारण 50 मिलिग्रॅम सी असतं आणि ह्या वयाच्या पोराला दिवसाला 35 लागतं, म्हणजे एका संत्र्यात विषय संपतो.

आजीला हे पटेना. "आवं, आमच्यात द्राक्षाचा ढीग पडतोय, पोराला काय कमी हाय?" त्यांचंही बरोबर आहे, पण ताज्या द्राक्षातच सी 100 ग्रॅमला 3-4 मिलिग्रॅम, वाळवून बेदाणा केला की तेही जवळपास जातं. दुधात मुळात थोडं आणि आपण ते उकळतो, भात-चपातीत तर नाहीच. जेम्स लिंडनं 1747 मधे जहाजावर 12 आजारी खलाशांवर प्रयोग केला, संत्री-लिंबू मिळालेले दोघं सगळ्यात लवकर सुधारले, आणि नंतर ह्याच माणसानं प्रवासात टिकावा म्हणून रस आटवून ठेवायला सांगितलं! उष्णतेनं सी उडून जायचं. फळ टिकवायच्या नादात फळातलं कामाचं घालवायचं, ही खोड जुनीच.

सीची रक्ततपासणी बाहेर पाठवावी लागते, सर तिच्यासाठी थांबले नाहीत, गोळ्या लगेच सुरू केल्या. आता गंमत अशी की बाटली बंद करायला लावून मीच पोराला ज्यूस लिहून दिला. हिरड्या एवढ्या दुखत होत्या की फोड चावणार कशी? वडलांना म्हटलं, गेटबाहेरच्या गाड्यावरचा नको, मोसंबी आणा, इथं कॉटशेजारी हातानं पिळा, साखर नाही बर्फ नाही, आणि गाळत बसू नका, बिया तेवढ्या काढा, पिळलं की लगेच पाजा. चोथा लागला की थुंकायचा, पहिला घोट माझ्या अॅप्रनवरच आला. तिसऱ्या दिवशी सिस्टर सांगायला आल्या, चड्डी बदलताना रडला नाही.

फॉलोअपला जरा लंगडत पण चालत आला. वडलांचा प्रश्न तयार होता, "100 टक्के लिहिलेली बाटली चालंल का?" म्हटलं, कॉन्सन्ट्रेटमधे, म्हणजे आटवलेल्या रसात, पाणी घालून बनवलेल्या ज्यूसवरचं ते 100 टक्के काढून टाका असं एफएसएसएआयनं, म्हणजे खाद्यपदार्थांचे नियम करणाऱ्या सरकारी संस्थेनं, जून 2024 मधेच कंपन्यांना सांगितलंय. असल्या ज्यूसमधे सी असतं, नाही असं नाही, पण चोथा जातो आणि पोरगं चावायला शिकत नाही ते वेगळंच.

संत्र्याच्या शिरा त्याला अजून चालत नाहीत. पेरू मात्र तिखटमीठ लावून खातो, आणि पेरूत सी संत्र्याच्या चौपट, शिवाय स्वस्त, त्यामुळं संत्र्याचा हट्ट मी सोडला. भाजीचं अजून अवघड आहे, आमटीत कोथिंबीर दिसली तरी एकेक पान वेचून ताटाच्या कडंला लावतो म्हणे.