तुम्ही विचारलंत म्हणून: डिस्कची यादी मी स्वतः का वाचतो

लातूरला आमच्याकडे क्लाउड शिकायला नवी बॅच आली की पंधरा दिवसांत कुणीतरी विचारतंच, "सर, क्लस्टर उभा करायला एक कमांड, मग पाडताना डिस्कची यादी वाचत का बसता? तेही स्क्रिप्टला सांगा की."

सांगितलं होतं.

आमचा क्लस्टर, म्हणजे एकत्र काम करणारे भाड्याचे संगणक, ॲमेझॉनच्या ईकेएस सेवेवर असतो. तिथे नुसत्या कंट्रोल प्लेनला, म्हणजे क्लस्टर सांभाळणाऱ्या भागाला, तासाला ०.१० डॉलर, म्हणजे महिन्याला ७२ च्या घरात जातात. नोड (कामाचे संगणक) आणि नॅट गेटवे (इंटरनेटकडे जायची वाट) यांचे वेगळे. रोज रात्री पाडणं मला भागच आहे. पण टेराफॉर्म, म्हणजे हे सगळं उभारणारं-पाडणारं साधन, स्वतः उभारलेलंच पाडतं. क्लस्टर चालवणाऱ्या कुबरनेटिसने मागाहून घेतलेला लोड बॅलन्सर (येणारी रहदारी वाटून देणारा) त्याच्या हिशोबात नसतो, म्हणून तो ज्यात बसलाय तो नेटवर्कचा तुकडा, सबनेट, हटत नाही. पीव्हीसीच्या, म्हणजे क्लस्टरमधल्या प्रोग्रामसाठी मागून घेतलेल्या, डिस्कही मागे राहतात आणि त्यांचं बिल चालूच. वैतागून एका संध्याकाळी मी स्क्रिप्टमध्ये ओळ घातली: कुठेच न जोडलेली प्रत्येक डिस्क काढून टाक.

एका विद्यार्थिनीचे वडील आडतीवर मुनीम. रोज संध्याकाळी ते फोनवर सोयाबीनची आवक, भाव आणि ओलावा सांगायचे, ती क्लस्टरवरच्या आपल्या डिस्कमध्ये भरायची. चार महिन्यांची नोंद. क्लस्टर पडला तरी डिस्क राहावी म्हणून तिने डिस्कची पॉलिसी मुद्दाम 'रिटेन' (राखून ठेव) ठेवली होती आणि सकाळी तीच डिस्क पुन्हा जोडायची. मीच शिकवलं होतं ते. दुसऱ्या दिवशी तिचा पॉड, म्हणजे क्लस्टरवर चालणारा तिचा प्रोग्राम, 'कंटेनर क्रिएटिंग' या सुरुवातीच्या पायरीवरून हलेना. "सर, डिस्कच सापडत नाही म्हणतंय." लॉग मी उघडला. रात्री काढलेल्या डिस्कच्या यादीत तिच्या डिस्कचा नंबर, व्हॉल्यूम आयडी, होता. स्नॅपशॉट, म्हणजे डिस्कची राखीव प्रत, नव्हता.

"राहू द्या सर, परत भरते," म्हणाली. दोन आठवडे आडतीवर बसून तिने वहीतून भाव आणि आवक उतरवून घेतली. ओलावा वहीत लिहिलेलाच नव्हता. तो रकाना रिकामाच राहिला.

स्नॅपशॉट तिने घ्यायला हवा होता, असं मी तेव्हा एकदोघांना बोललोही. ते बोलायला नको होतं. ओळ माझी होती.

आता स्क्रिप्ट आधी सर्व्हिस (लोड बॅलन्सर मागणारी) आणि पीव्हीसी काढते, डिस्कवरचा टॅग, म्हणजे ती कुणाची ते सांगणारी चिठ्ठी, बघते, स्नॅपशॉट घेते. मग वाचत बसायचं कारण काय? तुमचं म्हणणं बरोबर असेल. एवढ्यावर भागायला हवं, मलाही दिसतं. तरी आयडी वाचल्याशिवाय माझ्याच्याने एंटर दाबवत नाही.

काल यादीत एक बिनटॅगची ८ जीबीची डिस्क निघाली. कुणाचीच नाही म्हणतात सगळे. अजून काढलेली नाही.